विकार, आवेग आणि हॅम्लेट

गोपाळ गणेश आगरकर यांनीं शेक्सपीअरच्या 'हॅम्लेट'चें भाषांतर १८८३ सालीं प्रसिद्ध केलें आणि त्यास 'विकारविलसित' असें नांव दिलें. इंग्रजींतील 'पॅशन' हा शब्द हल्लीं कोणत्याही छंदाला लावूं लागले आहेत. त्यास 'विकार' म्हटलें तर पुष्कळांस रागच येईल.

वर्गांत हें नाटक शिकवितांना एक आक्षेप आम्हांस वारंवार ऐकावा लागतो : खरा विकारवश पुरुष लेअर्टीझ, हॅम्लेट नुसता विचार करीत बसतो. बापाच्या मृत्यूची वार्ता कळतांच लेअर्टीझ फ्रान्सहून परततो, जमाव घेऊन राजवाड्यांत घुसतो, शत्रूचा गळा देवळांतही कापण्याची भाषा बोलतो. परंतु हाच वीर घटकाभरांत क्लॉडिअसच्या कह्यांत जातो, तरवारीस विष लावण्याची युक्ति स्वतःच सुचवितो, आणि मरतेवेळीं हॅम्लेटशीं क्षमेची देवघेव करितो. पेंढ्याची आग ती!

याला आम्ही आवेग म्हणूं. भरताच्या नाट्यशास्त्रांत 'आवेग' आणि 'अमर्ष' हे ३३ व्यभिचारी भावांत मोडतात. 'शोक' आणि 'क्रोध' मात्र ८ स्थायी भावांत. स्थायी भावास तेथें राजाची उपमा दिली आहे, इतर भाव त्याचा परिवार. म्हणजे भेद केवळ तीव्रतेचा नव्हे. इतर भावांना कोण चाकरीस लावतो, याचा आहे.

हॅम्लेटचा शोक असाच राजा आहे. बापाचा खून झाला हें कळण्यापूर्वींच तो काळ्या वस्त्रांत दरबारीं उभा असतो. पुढें ऑफीलियावरील प्रेम, मित्रांवरील विश्वास, आकाश व पृथ्वी यांची शोभा, सर्वांवर त्या एका शोकाची छाया पडते. नट हेक्यूबाकरितां रडतो तेव्हां हॅम्लेट स्वतःची निर्भर्त्सना करितो, आणि आमचे विद्यार्थी तीच पुरावा म्हणून पुढें करितात! नटाचे अश्रु प्रवेशाबरोबर वाळतात, हें ते विसरतात. 'पॅशन'च्या लॅटिन मुळाचा अर्थ सोसणें; 'विकार' म्हणजे मूळ स्थितींतील पालट. हॅम्लेटला दोन्ही लागू पडतात.

आगरकरांच्या नांवाचा उत्तरार्ध मात्र आम्हांस तितकासा पटत नाहीं. 'विलसित' म्हणजे लीला, बाहेर चमकणारें कांहीं. तसा चमकतो तो लेअर्टीझचा क्षोभ. प्रार्थनेस बसलेल्या क्लॉडिअसच्या पाठीमागें हॅम्लेट उपसलेली तरवार म्यान करून निघून जातो, तेथें विकार पूर्ण आहे. विलसित कांहींच नाहीं.