टोपलीतला नागराजा

गोष्टीतला नायक किती बलवान असावा, ह्याचे माप कोणत्याही साहित्यशास्त्राने ठरवून दिलेले नाही. तरीही प्रत्येक वाचक असे एक माप मनाशी बाळगून असतो. नायक फारच दुबळा निघाला तर वाचकाला त्याची कीव येते. सर्वशक्तिमान निघाला तर कंटाळा येतो. ‘ह्याला हरवणार कोण? आणि कोणीच हरवणार नसेल तर पुढे वाचायचे कशाला?’ असे म्हणून तो पुस्तक मिटतो.

सध्या मुलांच्या हाती जपानी धाटणीच्या ज्या चित्रकथा दिसतात, त्यांत अशा नायकांचे पेवच फुटले आहे. एखादा साधा नोकरदार मरतो आणि दुसऱ्याच जगात अचाट सामर्थ्य घेऊन जन्मतो. कधी तो हजारो वर्षे जगलेला, पंख असलेला, आग ओकणारा महासर्प असतो. पहिल्या प्रकरणात तो डोंगर फोडतो, दुसऱ्यात सैन्य जाळतो, आणि तिसऱ्या प्रकरणाशी वाचकांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, ‘काय हे सामर्थ्य!’ दुसरा म्हणतो, ‘सामर्थ्य पुष्कळ आहे, पण गोष्ट कुठे आहे?’ मी शाळामास्तर असल्यामुळे हे दोन्ही तट मला रोज मधल्या सुट्टीत भेटतात. आणि कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे त्यांच्या भांडणात लक्ष घातल्यावाचून मला राहवत नाही.

मराठी वाचकाला हे भांडण नवे नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ साली निघाली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ साली. दोन्हींत अद्भुताची रेलचेल. रिसबुडांनी प्रस्तावनेत आपली बाजूही मांडून ठेवली आहे. तिचा आशय असा, की आपल्या लोकांच्या रोजच्या जीवनात मन गुंतवील असे फारसे काही घडतच नाही. तेव्हा वाचकाचे रंजन करायचे तर अद्भुताकडे वळल्याशिवाय लेखकाला गत्यंतर नाही. पुढे चारच वर्षांनी, १८७२ साली, काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक ह्यांविषयी निबंध लिहून अशा ग्रंथांची झडती घेतली. मग हरिभाऊ आपटे आले आणि रोजच्या घरात, माजघराच्या अंधारात, केवढी गोष्ट दडलेली असते हे त्यांनी दाखवून दिले. तेव्हापासून आमच्या टीकेत अद्भुताला जरा बाहेरच्या ओटीवरच बसवण्याची रीत पडली. मुलांनी वाचावे, मोठ्यांनी हसावे, एवढाच त्याचा मान.

विलायतेतही फारसे निराळे घडले नाही. ‘बेओवुल्फ’ ह्या जुन्या इंग्रजी महाकाव्यात एक महासर्प आहे. तीनशे वर्षे तो जमिनीखालच्या धनावर वेटोळे घालून बसलेला असतो. कोणीतरी एक पेला चोरतो आणि त्या एका पेल्यासाठी हा सारा मुलूख जाळत सुटतो. इतक्या थोर काव्याच्या मध्यभागी राक्षस आणि सर्प का बसवले, अशी पंडितांची कुरकुर होती. तिला प्रोफेसर टोल्किन यांनी १९३६ साली एका व्याख्यानात उत्तर दिले, की हे प्राणी काव्याचा कलंक नसून त्याचा कणा आहेत. त्यांचे म्हणणे मला पटते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. तिथे सर्प हा शत्रू आहे. शत्रू कितीही बलवान असला तरी गोष्ट बिघडत नाही, उलट रंगते. खरी पंचाईत तो नायक झाला म्हणजे होते.

ही पंचाईत कोणी सोडवली आहे काय? माझ्या मते सोडवली आहे, आणि ती आपल्याच महाराष्ट्रात भिंतीवर रंगवलेलीही आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या त्या चित्रांत, चंपेय्य जातकाचे प्रसंग आहेत. पाली जातकांत ह्या कथेचा क्रमांक ५०६. जातके मराठीत आणण्याचे काम धर्मानंद कोसंबींनी केले, पुढे दुर्गाबाई भागवतांनी फार मोठ्या प्रमाणावर केले. तेव्हा ही कथा मराठी घराला परकी राहण्याचे काही कारण नाही.

कथा थोडक्यात अशी. अंग आणि मगध ह्या देशांमधून चंपा नदी वाहते. तिच्या तळाशी नागराजाचे राज्य. काठावरचा एक दरिद्री माणूस त्या नागराजाचे ऐश्वर्य पाहतो आणि ते आपल्याला मिळावे अशी इच्छा धरतो. दानधर्म करतो, मरतो, आणि खरोखरच नागराजा होऊन जन्मतो. म्हणजे आजच्या चित्रकथांची सुरुवात दीड हजार वर्षांपूर्वीच होऊन गेलेली आहे! पण पुढचे वळण पाहा. डोळे उघडताच आपले सापाचे शरीर पाहून त्याला आनंद होत नाही, किळस येते. सारे मिळाले, पण माणूसपण गेले. तो व्रत घेतो, महाल सोडून माणसांच्या जगात येतो आणि पर्वाच्या दिवशी रस्त्याकडेच्या वारुळावर पडून राहतो. कोणाला माझे कातडे हवे असेल तर त्याने न्यावे. मी रागावणार नाही.

एक मांत्रिक तरुण येतो, त्याला पकडतो, त्याचे हाल करतो, टोपलीत कोंबतो आणि गावोगाव त्याचे खेळ करीत काशीच्या राजापर्यंत पोचतो. नागराजाने एक फुंकर घातली असती तर गारुड्याची राख झाली असती. तो फुंकर घालीत नाही. गारुडी त्याला बेडूक खायला घालतो; आपल्यासाठी जीव मारले जातील म्हणून तो तेही खात नाही. शेवटी त्याची राणी सुमना त्याला शोधीत दरबारात येते. तिला पाहून तो लाजतो आणि डौलाने नाचता नाचता टोपलीत परत शिरतो. राणी राजा उग्रसेनापाशी पतीची सुटका मागते, राजा ती मान्य करतो आणि नागराजा मोकळा होतो. मग तो राजाला आपल्या राज्यात नेतो. ते वैभव पाहून राजा विचारतो, ‘हे सारे सोडून तू वारुळावर का पडतोस?’ उत्तर एवढेच, की शुद्धी आणि संयम माणसांच्या जगातच साधतो, आणि मला माणूस व्हायचे आहे.

आता ह्या कथेची बांधणी पाहू. बलवान नायकाला वेसण घालण्याच्या युक्त्या आपल्या पुराणांना ठाऊक होत्या. मारुतीला आपल्या बळाचा विसर पडतो आणि कोणी आठवण करून दिली म्हणजेच तो समुद्र ओलांडतो. कर्णाला शाप मिळतात आणि ऐन वेळी विद्या आठवत नाही, रथाचे चाक रुतते. ह्या दोन्ही वेसणी बाहेरून घातलेल्या आहेत. चंपेय्याची वेसण त्याच्याच हातात आहे. त्याला सारे आठवते, सारे येते. म्हणून टोपलीतला प्रत्येक क्षण त्याची नवी परीक्षा होतो. ‘हा हरेल काय?’ हा प्रश्न इथे नसतोच. ‘हा फुंकर घालील काय?’ हा असतो, आणि तो शेवटपर्यंत सुटत नाही. सामर्थ्य जितके मोठे तितकी परीक्षा कठीण. म्हणजे ज्या गुणामुळे इतर गोष्टी कोसळतात, त्याच गुणावर ही गोष्ट उभी आहे.

ही कथा मी गेल्या वर्षात बऱ्याच जणांना सांगितली आणि त्यांची मते ऐकून घेतली. टीकाकाराने स्वतःच्या मताबरोबर चार वाचकांची मतेही तपासून घ्यावीत, हे बरे असते.

शेजारच्या एका निवृत्त रेल्वे कारकुनाचे मत असे, की कथा उपदेशाची आहे आणि उपदेशाच्या कथेला उत्कंठा नसते. हे मला मान्य नाही. राजवाड्यातून निघताना नागराजा राणीला पुष्करिणीचे पाणी दाखवून ठेवतो. त्याच्यावर जसे संकट येईल तसा पाण्यात बदल होईल, आणि गारुड्याने पकडले तर ते रक्तासारखे लाल होईल. ह्या खुणेनंतर वाचकाचा एक डोळा त्या पाण्यावरच राहतो. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी शिकावी अशी ही कारागिरी आहे.

एका विद्यार्थ्याची आई म्हणाली, ‘सर, ही गोष्ट नागाची नाहीच, सुमनेची आहे. तो व्रत घेऊन बसला. धावपळ सगळी तिने केली.’ ह्यात फार मोठे तथ्य आहे. महाबलवान नायक स्वतःहून हात आवरतो, तेव्हाच इतरांना काही करायला जागा मिळते. आजच्या चित्रकथांतली बाकीची पात्रे नुसती टाळ्या वाजवायला उभी असतात, ह्याचे कारण नायक त्यांच्यासाठी कामच शिल्लक ठेवीत नाही.

नववीच्या वर्गातल्या बहुतेक मुलांचे मत मात्र एकच पडले: त्याने गारुड्याला जाळायला हवे होते. त्यात मला नवल वाटले नाही. पण एक मुलगा तेवढ्यावर थांबला नाही. तो म्हणाला, ‘सर, माझे पप्पा कारखान्यात शिलाई करतात. शेठ पगार कापतो, ओरडतो, तरी ते काही बोलत नाहीत. मग ते पण नागराजा झाले का?’

वर्ग हसला नाही. मीही क्षणभर थांबलो, कारण ह्या कथेवरचा खरा आक्षेप हाच आहे. कथा संयम शिकवते. पण ती कोणाला शिकवायची? ज्याच्यापाशी फुंकरच नाही त्याला ‘फुंकर घालू नकोस’ म्हणून सांगणे ही क्रूर चेष्टा आहे. आणि बलवानांनी दुबळ्यांना अशाच गोष्टी सांगून गप्प बसवल्याचे आपण पुष्कळ पाहिले आहे. मी त्या मुलाला सांगितले, ‘नाही. तुझे पप्पा गप्प बसतात ते घरी तुम्ही आहात म्हणून. ते सोसणे आहे. नागराजाचे ते व्रत होते. मनात आले तर तो मोडू शकत होता. ही गोष्ट तुझ्या पप्पांना सांगायची नाही, शेठला सांगायची.’

मुलाला हे पटले असावे. पण त्याने लगेच दुसरा प्रश्न टाकला, ‘मग पप्पांना कुठली सांगायची?’

त्याचे उत्तर अजिंठ्याला नाही. आमच्या गावातच आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेले गाव. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत ती माणसे राहिली. १९४९ साली गावाला नाव मिळाले, तरी छावणीचे ‘कॅम्प’ आणि त्यांचे आकडे अजून तसेच आहेत. आमच्या कॅम्प चारमधल्या एका वृद्ध सिंधी दुकानदाराला मी नागराजाची कथा सांगितली, तेव्हा त्यांनी मला मोरिरोची सांगितली. शाह अब्दुल लतीफ ह्या अठराव्या शतकातल्या सिंधी महाकवीच्या ‘सुर घातू’ ह्या काव्यविभागाला ह्याच कथेचा आधार आहे. कलाची नावाच्या कोळ्यांच्या वस्तीजवळ, म्हणजे आजच्या कराचीच्या बाजूला, समुद्रात एक भोवरा होता आणि त्यात एक प्रचंड जलचर. सात भावांपैकी सहा जण मासेमारीला गेले आणि त्याने गिळले. उरला तो मोरिरो. तो पंगू होता, म्हणून घरी राहिलेला. त्याने टोकदार खिळ्यांचा लोखंडी पिंजरा करवून घेतला, त्याला दोर बांधले, दोरांची टोके काठावर धरवली आणि स्वतः आत बसून पाण्यात उतरला. जलचराने पिंजरा गिळला, तो त्याच्या घशात अडकला, आणि काठावरच्यांनी दोर ओढून त्याला बाहेर काढले.

ह्या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे वाचकांच्या दोन तटांचे भांडण मिटते असे मला वाटते. मोरिरोपाशी बळ नाही. त्याच्यापाशी युक्ती आहे आणि काठावर दोर ओढणारी माणसे आहेत. चंपेय्यापाशी बळ आहे आणि ते न वापरण्याचे धैर्य आहे. दुबळ्याची गोष्ट त्याने काय केले ह्यावर उभी राहते, बलवानाची त्याने काय केले नाही ह्यावर. फसते ती तिसरीच गोष्ट, जिच्यात बलवान माणूस बळ वापरतो, जिंकतो, पुन्हा वापरतो आणि पुन्हा जिंकतो. ती कंटाळवाणी होते ह्याचा दोष अद्भुतावर टाकण्याचे कारण नाही. तिच्यात कोणाची परीक्षाच होत नाही.

चंपेय्य जातकात दोष नाहीत असे नाही. नागलोकीच्या वैभवाची वर्णने लांबली आहेत, आणि शेवटी राजाला मिळालेल्या अमाप सोन्याची भर कथेला शोभत नाही. सोन्याचा वीट आलेल्याची गोष्ट सोन्याने का संपवावी? परंतु अजिंठ्याच्या चित्रकाराने राजासमोर नाचणारा नाग रंगवायला निवडला, ह्यावरून कथेचा प्राण कुठे आहे हे त्याला नेमके उमगले होते असे म्हणावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत घराघरांतून पुस्तके आणि चित्रकथा विकत घेतल्या जातील. मुलाने हजार वर्षांच्या महासर्पाची गोष्ट मागितली तर ती खुशाल द्यावी; त्यात काही बिघडत नाही. वाचून झाल्यावर मात्र त्याला एवढेच विचारावे: त्याला काय काय करता येत होते, ते सांगितलेस, आता, करता येत असूनही त्याने काय केले नाही, ते सांग. ह्या प्रश्नाला त्या गोष्टीत उत्तर सापडले, तर तिला ओटीवर बसवू नये. घरात घ्यावे आणि मोठ्यांनीही वाचावे. आणि ज्यांच्या हाताखाली चार माणसे काम करतात, त्यांनी तर आधी वाचावे.