दुकानातला नाताळ

नाताळच्या दिवसांत घडणारा प्रेमाचा विनोदी चित्रपट म्हटला की साचा ठरलेला असतो. बर्फ, दिव्यांचे झाड, एक भांडखोर तरुण, एक मानी तरुणी आणि शेवटच्या पाच मिनिटांत समेट. हल्ली असे चित्रपट दर डिसेंबरात ढिगाने निघतात. बहुतेक पाकातल्या पुऱ्यांसारखे : पहिली गोड लागते, तिसरी खाववत नाही. पण या जातीचा एक चित्रपट ऐंशीहून अधिक वर्षे टिकला आहे आणि आपल्या वाचकांनी तो अवश्य पाहावा असे मला वाटते. ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’, म्हणजे कोपऱ्यावरचे दुकान. अर्न्स्ट लुबिच यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९४० साली हॉलिवूडमधून आला.

कोणी विचारील, नाताळाशी आपला काय संबंध? भायखळा-माझगावच्या बाजूला ज्यांचे बालपण गेले त्यांना शेजारच्या घरून आलेली कलकलांची आणि नेवऱ्यांची ताटे आठवत असतील. पण तो सण शेजाऱ्यांचा. इस्राएलात तर तो आपल्याला कामाचा दिवस. गंमत अशी की या चित्रपटातही नाताळ म्हणजे कामच आहे. चर्चमधला एकही प्रसंग नाही. आहे ते बुडापेस्टमधले मातुश्चेक आणि कंपनीचे चामडी सामानाचे दुकान, आणि त्यातली पाचसहा नोकर माणसे. सकाळी मालक येईपर्यंत ती बंद दाराबाहेर उभी असतात, कालच्या जेवणाच्या, पोरांच्या, डॉक्टरच्या बिलाच्या गोष्टी करतात. पहिल्या पाच मिनिटांत कळते की इथे प्रत्येकाचा जीव पगारात अडकलेला आहे.

त्यातला पिरोविच हा म्हातारा कारकून माझा सर्वांत आवडता. मालकाने कोणाचे प्रामाणिक मत विचारले रे विचारले, की हा गृहस्थ गुपचूप जिन्याने वर पसार होतो. विनोद एवढाच. पण ज्याने बायकामुलांसाठी दुसऱ्याच्या पेढीवर नोकरी केली आहे, त्याला हसताना थोडे टोचते.

क्लारा नोव्हाक नोकरी मागायला येते तेव्हा दुकानात जागा नाही. मालकाला सिगारेट ठेवण्याची एक पेटी पसंत आहे, झाकण उघडले की वाजणारी. मुख्य कारकून क्रालिकला ती मुळीच पसंत नाही. क्लारा तीच पेटी एका लठ्ठ बाईला मिठाईची पेटी म्हणून विकते : झाकण उघडताच गाणे वाजेल आणि आपण फार खातो याची आठवण राहील! विक्री होते, नोकरी मिळते, आणि क्रालिकशी वैर सुरू होते. प्रेमाच्या चित्रपटात नायिका नायकाच्या नजरेत भरण्याआधी तिला पोटासाठी एक पेटी खपवावी लागते. हा क्रम मला फार खरा वाटतो.

आणि हीच दोघे, एकमेकांना न ओळखता, टपाल पेटीच्या नंबरावर परस्परांना सुंदर पत्रे लिहीत असतात. दुकानात काट्यावर काटा, पत्रात पुस्तके, विचार आणि आदर. योगायोग म्हणून सोडून द्यावा इतके हे साधे नाही. आपल्याकडे कितीतरी लग्ने दोनचार पत्रांवर आणि एका फोटोवर जमली. देश सोडल्यावर आईवडिलांना जी निळी एअरोग्रामे गेली त्यांत कारखान्यातली रात्रपाळी नव्हती, भाषेची अडचण नव्हती. सर्व मजेत असल्याचे होते. ते खोटे होते का? लुबिच म्हणतात, नाही. पत्रातला माणूसही तोच असतो, फक्त त्याला दिवसभर कोणी तशी संधी दिलेली नसते.

क्रालिक आणि क्लारा प्रथम भेटायचे ठरवतात त्याच दिवशी मालक क्रालिकला काढून टाकतो. मालकाला एक निनावी पत्र आले आहे : बायकोचे दुकानातल्या कोणाशी तरी संबंध आहेत. संशय चुकीच्या माणसावर जातो. खरा माणूस तोंडपुजा वादास. सत्य कळल्यावर मातुश्चेक पिस्तूल काढतो आणि निरोप्या पोऱ्या पेपी वेळेवर आला म्हणून वाचतो. विनोदी चित्रपटात हे! दुसऱ्या कोणाच्या हातून सगळे बिघडले असते. नोकरी गेलेला क्रालिक कॅफेत जायलाच तयार नसतो. बेकार माणसाने कोणत्या तोंडाने मुलीसमोर जावे? पिरोविच खिडकीतून डोकावतो. टेबलावर ‘ॲना कॅरेनिना’ आणि लाल फूल ठेवून बसली आहे ती क्लारा! पुढे एका दृश्यात टपालाच्या पेटीत तिचा हातमोजा घातलेला हात चाचपडतो आणि मागे तिचा चेहरा दिसतो. पेटी रिकामी. मार्गारेट सलाव्हन यात एक शब्द बोलत नाही.

हे सारे कोणी केले तेही पाहा. लुबिच हे बर्लिनमधल्या यहुदी शिंप्याचे चिरंजीव. दिवसा बापाच्या धंद्यात हिशेब लिहीत आणि संध्याकाळी नाटकात काम करीत. १९२२ साली ते अमेरिकेत गेले, आणि १९३५ मध्ये नाझी सरकारने त्यांचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले. मूळ नाटक मिक्लोश लास्लो या बुडापेस्टच्या यहुदी लेखकाचे, १९३७ चे; त्यात दुकान अत्तरांचे होते. लेखकाने १९३८ मध्ये अमेरिका गाठली. पिरोविच झालेले फेलिक्स ब्रेसार्ट १९३३ मध्ये जर्मनीतून निघालेले. वादास झालेले जोसेफ शिल्डक्राउट पुढे १९५९ च्या चित्रपटात ॲन फ्रँकचे वडील झाले.

चित्रपटात कोणालाही यहुदी म्हटलेले नाही. पण हंगेरीत १९३८ च्या कायद्याने व्यापारी पेढ्यांतल्या पांढरपेशा नोकऱ्यांत यहुद्यांना वीस टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि १९३९ च्या कायद्याने ती आणखी आवळली. म्हणजे ज्या गावात दुकानातली नोकरी हीच हिरावून घेतली जात होती, त्या गावातल्या दुकानाची ही कथा. १९४४ च्या उन्हाळ्यात हंगेरीतून चार लाखांहून अधिक यहुदी नेले गेले, बहुतेक आउश्वित्झला. हे माहीत असलेल्या आपल्याला ते दाराबाहेर मालकाची वाट पाहणारे नोकर वेगळेच दिसतात.

म्हणून या चित्रपटाला नाताळ लागतो तो देवासाठी नव्हे. त्या रात्री ज्याला घर आहे तो घरी जातो आणि ज्याला नाही तो उघडा पडतो. इस्पितळातून उठून आलेला मातुश्चेक भरगच्च विक्री पाहून सुखावतो, बोनस वाटतो, आणि मग एकेकाला सहज विचारल्यासारखे विचारतो, आज जेवायला कुठे? प्रत्येकाला कोणीतरी आहे. राहतो नवा पोऱ्या रूडी, गावात एकटा. मग म्हातारा त्याला काय काय खाऊ घालणार ते सांगू लागतो : सूप, सफरचंद भरून भाजलेला हंस, लोण्याचे बटाटे, आंबट सायीतली काकडी. (मांसाबरोबर लोणी आणि साय! आपल्या घरात हे चालायचे नाही, पण त्या क्षणी तक्रार सुचत नाही.) परक्या सणात एकटे पडणे काय असते हे परक्या देशात गेलेल्यांनीच इतके बरोबर टिपावे, यात नवल नाही.

याच गोष्टीवर १९९८ मध्ये नोरा एफ्रन यांनी ‘यू हॅव गॉट मेल’ काढला. पत्रांच्या जागी संगणक आला आणि नायक झाला पुस्तकांच्या मोठमोठ्या दुकानांच्या मालकाचा वारस. चित्रपट चटपटीत आहे, पण नायकाला पगाराची भीतीच नाही, आणि शेवटही वसंतातल्या बागेत. नायिकेचे दुकान त्याच्याच धंद्याने बुडाले, तरी ती त्याच्या मिठीत जाते, हे मला अजून पचलेले नाही.

जुन्यातही एक खोट आहे. क्रालिकला सत्य आधी कळते आणि तो क्लाराला बराच वेळ अंधारात ठेवतो. शेवटी तर तिचा पत्रमित्र पोपकिन नावाचा एक जाडा, टकला, बेकार गृहस्थ असल्याची थाप मारून तिचे हाल पाहतो. आजच्या मुलींना हे आवडणार नाही आणि त्यांचे बरोबर आहे. पण लुबिच यांनी शेवटची परीक्षा तिच्या हाती दिली आहे. क्रालिक लाल फूल कोटाला लावतो, तिला सारे उमगते, आणि तरी ती लगेच गळ्यात पडत नाही. त्याचे पाय फेंगडे तर नाहीत, ही शंका तिच्या मनात आहे. ती त्याला विजार वर करायला लावते, आणि क्रालिक त्या बंद दुकानात मुकाट्याने विजार वर करून उभा राहतो.