दुसरा अंतरा

साठच्या दशकातल्या भावगीतांचे कार्यक्रम सध्या गावोगाव हाऊसफुल्ल चालले आहेत, वाहिन्यांवरच्या स्पर्धांतही तीच गाणी. त्या गाण्यांवर वाढलेल्या माणसाला याचा आनंद व्हायला हवा. मला संताप येतो. परवा अशाच एका स्पर्धेत एका मुलीने ‘या चिमण्यांनो’ गायलं. गळा सुरेल, जागा नेमक्या. मुखडा, एक अंतरा, पुन्हा मुखडा, टाळ्या. परीक्षकांचं कौतुक गाण्यापेक्षा जास्त वेळ चाललं.

ते गाणं तिथे थांबवता येत नाही. ‘जिव्हाळा’ चित्रपट 1968 चा. शब्द गदिमांचे, चाल खळ्यांची, आवाज लताबाईंचा. चाल पूरिया धनाश्रीतली, आणि हा संधिप्रकाशाचा राग. त्यातला कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम तिन्हीसांजेची हुरहुर शब्दांच्याही आधी पोचवतात. पहिल्या अंतऱ्यात अंधाराची धास्ती आहे, पाल चुकचुकते आहे. दुसऱ्यात आई कबूल करते की मुलांचा गोंगाट अवतीभवती नसला तर तिच्याच हातून कामं उरकत नाहीत. आणि मग चिमण्या मागे पडतात, ती सरळ बाळांना हाक मारते. सगळं गाणं या हाकेकडे चाललेलं असतं. ते अर्ध्यावर कापलं की उरते ती फक्त चाल.

आमच्या लहानपणी टीव्ही नव्हताच. दिल्लीत 1959 साली सुरू झालेलं दूरदर्शन मुंबईत यायला 2 ऑक्टोबर 1972 उजाडला. तोवर गाणं म्हणजे रेडिओ. बुधवारी रात्री सिलोनवर बिनाका गीतमाला असे. तिच्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे. माझा जीव आकाशवाणीच्या ‘भावसरगम’ कार्यक्रमात अडकलेला. यशवंत देव, मंगेश पाडगावकर आकाशवाणीत नोकरीला, आरती प्रभूही काही काळ तिथेच. कवी आणि संगीतकार एकाच इमारतीत, आणि नवं गाणं करणं हे त्यांचं रोजचं काम. वा. रा. कांतांची ‘बगळ्यांची माळ फुले’ खळ्यांनी वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या आक्रमक गळ्याला दिली आणि त्या गळ्याकडून हळुवारपणा काढून घेतला. ‘शुक्रतारा’साठी त्यांनी अरुण दाते निवडले, पेशाने वस्त्रोद्योगातले इंजिनिअर, आवाज मैफल गाजवणारा नव्हे, कानाशी बोलणारा. कवितेला कोणता आवाज हवा एवढाच प्रश्न खळे विचारत. देवांनी तर याच विचारावर ‘शब्दप्रधान गायकी’ हे पुस्तक लिहिलं.

हृदयनाथांची वाट वेगळी आणि मोठी. तिला स्वतंत्र लेख हवा. पुढच्या गझलेच्या लाटेत शेरापेक्षा दादच जास्त ऐकू आली. ‘गारवा’ने (1998) तरुणांना पुन्हा कवितेकडे वळवलं, पण त्यात पाऊस फार. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी 2003 पासून स्वतःची गाणी घेऊन उभे राहिले, पूर्ण कविता म्हणत राहिले, म्हणून त्यांचा मला आदर आहे.

बाकी सगळा उत्सव आठवणींचा. मूळ ध्वनिमुद्रिकेतल्या व्हायोलिनचा तुकडा कीबोर्डवर जसाच्या तसा वाजवायचा आणि निवेदकाने दोन गाण्यांच्या मध्ये किस्से सांगायचे. संयोजक म्हणतात, लोकांना वेळ नसतो. कोणाला नसतो? जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची होती आणि तेवढ्यात आख्खी कविता बसत असे. 1955 साली ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा एकेका गीताला आठ-आठ, दहा-दहा कडवी होती, अशी 56 गीतं, आणि लोक वर्षभर आठवड्यामागून आठवडा रेडिओशी बसून होते. तुमच्याकडे तासाचा कार्यक्रम आहे. त्यातला अर्धा अश्रूंना, पार्श्वसंगीताला आणि उद्याच्या भागाच्या झलकीला जातो.

या गायकांचा दोष नाही. इतकी तयार मुलं आमच्या वेळी नव्हती. पण त्यांच्यासाठी कोणी लिहीत नाही, कोणी चाल बांधत नाही. लता, आशा, सुमन कल्याणपूर विशीत-तिशीत होत्या तेव्हा त्यांच्यापुढे कोऱ्या कविता येत होत्या. या मुलांपुढे येतात साठ वर्षांची गाणी, तीही अर्धी. आणि आपण याला परंपरा जपणं म्हणतो! खळे-देवांची परंपरा म्हणजे त्यांची गाणी पुन्हा गाणं नव्हे, हयात कवीची नवी कविता घेऊन तिच्याशी झटापट करणं. वाहिन्यांनी पुढच्या पर्वात दर आठवड्याला एक नवी कविता, एक नवा संगीतकार आणि एक स्पर्धक एकत्र बसवावा. पैसे कमी पडत असतील तर एक परीक्षक कमी करा. आणि जुनं गाणं घेणारच असाल तर दुसरा अंतरा गाऊ द्या.