लॅटिनम : चलनविरहित आदर्शलोकातील चलन

बीजसंज्ञा : विज्ञानकथा, चलन, मूल्य, दुर्मीळता, आदर्शलोक

प्रास्ताविक

विज्ञानकथेच्या समीक्षेत यंत्रे, अंतराळयाने आणि परग्रहवासी यांची चर्चा विपुल होते. त्या विश्वातील माणसे पेयाचे पैसे कशाने चुकते करतात, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वस्तुतः कल्पित समाजाची घडण त्याच्या शस्त्रांपेक्षा त्याच्या देवघेवीतून अधिक स्पष्ट होते. प्रस्तुत लेखात ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकासमूहातील ‘गोल्ड-प्रेस्ड लॅटिनम’ या चलनाचा, मुख्यतः ‘डीप स्पेस नाइन’ (१९९३-१९९९) या मालिकेच्या आधारे, विचार केला आहे.

पैशाचा त्याग

जीन रॉडेनबेरी यांच्या १९६६ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेची पैशाविषयी निश्चित भूमिका नव्हती. १९६७ च्या ‘द ट्रबल विथ ट्रिबल्स’ या भागात एका केसाळ प्राण्याच्या किमतीवरून ‘क्रेडिट’मध्ये चक्क घासाघीस चालते. पुढे १९८६ च्या चौथ्या चित्रपटात कॅप्टन कर्क आपल्या शतकात पैसा वापरला जात नसल्याचे सांगतो. गंमत अशी की, त्याच चित्रपटात त्याला जुना चष्मा विकून शंभर डॉलर उभे करावे लागतात. १९९६ च्या ‘फर्स्ट कॉन्टॅक्ट’मध्ये कॅप्टन पिकार्डच्या मुखी या त्यागाला तत्त्वाचे रूप येते. चोविसाव्या शतकात धनसंचय ही मानवाची प्रेरणाच उरलेली नाही, अशी ही मांडणी आहे.

या त्यागाला भौतिक आधार आहे तो ‘रेप्लिकेटर’चा. हवी ती वस्तू क्षणात घडवणारे यंत्र घरोघरी असेल तर दुर्मीळता संपते आणि दुर्मीळतेबरोबर किंमतही. पण मग ज्यांनी पैसा सोडलेला नाही अशा परकीयांशी व्यवहार कशात करावयाचा? यंत्राला ज्याची नक्कल करता येत नाही अशा पदार्थात, हे लॅटिनमचे उत्तर आहे. ही नक्कल का होत नाही, याचे समाधानकारक स्पष्टीकरण मालिका देत नाही. भूमितीतील गृहीतकाप्रमाणे ते मान्य करून पुढे जावे लागते. ही लेखकांची सोय आहे, हे नाकारण्याचे कारण नाही.

सोन्याचे अवमूल्यन

व्यापारी वृत्तीचे फेरेंगी १९८७ च्या ‘द लास्ट आउटपोस्ट’ या भागात प्रथम पडद्यावर आले, तेव्हा स्टारफ्लीटचे अधिकारी अंगावर सोने बिल्ल्यासारखे मिरवतात याचा त्यांना संताप येतो. सोने तेथे अद्याप मौल्यवान आहे. दशकभरात चित्र पालटते. १९९८ च्या ‘हू मोर्न्स फॉर मॉर्न?’ या भागात क्वार्क हा मद्यगृहचालक लॅटिनमच्या विटांसाठी जिवावर उदार होतो आणि अखेर वीट फोडल्यावर त्याच्या हाती सोन्याचा चुरा येतो. आतले द्रवरूप लॅटिनम कोणीतरी आधीच काढून घेतलेले असते. ते मॉर्न या गिऱ्हाइकाने आपल्या दुसऱ्या जठरात दडवले होते, हा भाग विनोदाचा. परंतु सोने निरुपयोगी ठरल्याबद्दल क्वार्कने केलेला आक्रोश केवळ विनोद नव्हे. नाणे वाजवून घेणाऱ्या आणि भरवशाच्या माणसाला ‘बंदा रुपया’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेला या प्रसंगाची खोच लगेच कळावी. येथे सोने म्हणजे नुसते वेष्टन आहे.

१५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचे सोन्यात होणारे परिवर्तन थांबवले. त्यानंतर वाढलेल्या पिढीने सोन्याला पोकळ ठरवणारी कथा रचावी, हे समजण्याजोगे आहे. तथापि त्या पिढीला पूर्ण निराधार चलनही रुचलेले दिसत नाही. सोन्याच्या जागी तिने दुसरा अंगभूत मूल्याचा पदार्थच आणून बसवला. २००९ साली अस्तित्वात आलेल्या बिटकॉइनशी लॅटिनमची तुलना होऊ शकते. पण ती वरवरचीच म्हणावी लागेल. बिटकॉइनची दुर्मीळता मानवी नियमांनी निर्माण केलेली आहे, लॅटिनमची दुर्मीळता निसर्गावर सोपवलेली आहे.

लोभ कोणाच्या माथी?

खरा आक्षेप येथे सुरू होतो. मानवाने पैसा सोडला, तरी कथेला पैसा हवाच असतो. म्हणून तो एका परक्या जमातीच्या माथी मारला जातो. मोठी नाके, मोठे कान, धूर्तपणा आणि धनलोभ ही फेरेंगींची लक्षणे युरोपातील ज्यूद्वेष्ट्या व्यंगचित्रांची आठवण करून देतात, अशी टीका अनेकांनी केली आहे आणि ती डावलता येत नाही. मराठी ग्रामीण कथेतील साचेबंद सावकार आपल्याही परिचयाचा आहे. गावाचे निरागसपण टिकावे म्हणून सर्व हिशेबीपणा त्या एकाच्या वहीत जमा केला जातो.

‘डीप स्पेस नाइन’चे श्रेय असे की, तिने या साच्याला बोलते केले. १९९४ च्या ‘द जेम’हडार’ या भागात क्वार्क कमांडर सिस्कोला सुनावतो की, गुलामगिरी आणि छळछावण्या फेरेंगींच्या इतिहासात नाहीत, त्या मानवाच्या इतिहासात आहेत. १९९६ च्या ‘बार असोसिएशन’मध्ये त्याचाच भाऊ रोम कामगार संघटना उभारतो आणि फेरेंगी कामगारांना शोषण थांबवायचे नसून स्वतः शोषक व्हायचे असते, हे त्यांच्या पराभवाचे कारण नेमके सांगतो. लोभ हा वंशाचा गुण नसून व्यवस्थेचा आहे, हे येथे प्रवचनाविना पोचते. साचा मोडतो असे नाही. त्याला तडा मात्र जातो.

एक प्रश्न मालिकेने शेवटपर्यंत टाळला आहे. पैसा न वापरणारे स्टारफ्लीटचे अधिकारी क्वार्ककडे रोज पितात, जुगारही खेळतात. ते लॅटिनम त्यांच्याकडे येते कोठून? त्यांना भत्ता मिळतो काय? मिळत असेल, तर त्याग हा केवळ अंतर्गत हिशेबाचा प्रकार ठरतो.

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जातो तो १९९७ चा ‘इन द कार्ड्स’. वडिलांना भेट म्हणून जेक सिस्कोला विली मेज या खेळाडूचे जुने बेसबॉल कार्ड हवे आहे. लिलावात बोली लावायची तर लॅटिनम लागते आणि मानवपुत्राजवळ ते नाही. म्हणून तो फेरेंगी मित्र नॉगच्या बचतीकडे वळतो. नॉग त्याला पैशाच्या त्यागावरून टोमणा मारतो, तो रास्तच होय. बोली कमी पडते. मग दोघे स्थानकभर हिंडून एकाचे काम करून दुसऱ्याकडून वस्तू मिळवू लागतात : कोणाच्या संगीताच्या ध्वनिमुद्रणातील खरखर काढून देणे, कोणाचे भाषण लिहून देणे, डॉक्टरांचे बालपणीचे खेळण्यातले अस्वल परत आणून देणे. पैशाचा उगम वस्तुविनिमयाच्या अडचणींत शोधणाऱ्या अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगर यांना ही साखळी ओळखीची वाटली असती. कार्ड अखेर सिस्कोच्या हाती पडते आणि नॉगची बचत शाबूत राहते.