खो-खोचे गुडघे, पिकलबॉलचं कोर्ट

शुक्रवारी इशाची नमाज झाली की तबूकमधली आपली मंडळी पिकलबॉलची जाळी बांधायला लागतात. हा खेळ 1965 मध्ये अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर सुरू झाला. भारतात तो रुजवला मुंबईच्या सुनील वालावलकरांनी, कॅनडात पाहून आल्यावर. या लेखातलं कौतुक मात्र खो-खोचं आहे.

आमच्यातले एक काका साताऱ्याकडच्या शाळेत खो-खो खेळलेले. त्यांना खेळताना बघा. गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, टाच जमिनीला जेमतेम टेकलेली. पॅडल छातीसमोर, टोक किंचित डावीकडे, मूठ सैल. समोरच्याचं पॅडल चेंडूला लागायच्या बेतात असतं तेव्हा ते इवलीशी उडी घेतात आणि दोन्ही पाय एकदम टेकवतात. मग डावीकडे जायचं की उजवीकडे, याचा घोळ नाही. तरुण मंडळी पुढच्या रेघेकडे धावतच राहतात आणि चेंडू नेमका त्यांच्या पायांत पडतो. काका असतील तिथे थांबतात. अर्धं अंतर राहिलं तरी बेहत्तर!

जाळीपासून सात फुटांचा पट्टा म्हणजे किचन. तिथे उभं राहून चेंडू हवेतच मारता येत नाही; बाहेरून मारला आणि तोल जाऊन पाय आत पडला, तरी फॉल्ट. खो-खोत पाठलाग करताना मधली पाटी ओलांडायची नाही, हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याला किचनची रेघ वेगळी शिकवावी लागत नाही. म्हणून काका खेळाआधी मुलांना थोडा वेळ खो-खो खेळायला लावतात. इथेच वाढलेल्या पोरांना 2025 मध्ये भारतानं जिंकलेला खो-खोचा विश्वचषक मोबाइलवरच दिसला. उकिडवं बसून क्षणात उठायचं कसं, ते त्यांना इथे कळतं. कुठल्याही व्हिडिओपेक्षा मला ही शिकवणी सरस वाटते.

जानेवारीत तर ती फारच उपयोगी पडते. तबूकची थंडी रियाध-जेद्दाकडच्यांना सांगून पटत नाही. गारठ्यात प्लॅस्टिकचा चेंडू कडक होतो, कमी उसळतो, कधी तडकतोही. ताठ उभा राहणारा मग कमरेतून वाकून चेंडू उचलत बसतो आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरून ऑफिसला जातो.

तेव्हा येत्या शुक्रवारी या. पॅडल नसलं तर आम्ही देऊ. बूट मात्र बॅडमिंटनचे किंवा टेनिसचे घाला. धावायच्या उंच सोलच्या बुटांत बाजूला झेपावताना घोटा मुरगळतो.