चित्र, नाव आणि मत : सुधारक स्त्रियांच्या प्रतिमांचा एक विचार

दरवर्षी ३ जानेवारीस सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीनिमित्त आपल्या शाळा-महाविद्यालयांतून त्यांच्या तसबिरीला हार घातला जातो. पुष्कळदा तिच्या शेजारी पंडिता रमाबाई, रमाबाई रानडे व आनंदीबाई जोशी यांच्याही तसबिरी मांडलेल्या असतात. सर्वांची चौकट सारखी, सर्वांची मुद्रा सारखीच गंभीर, आणि प्रत्येकीच्या भोवतीची जागा रिकामी. ही रिकामी जागा मुळात होती की पुढे निर्माण झाली, आणि तिच्यामुळे आपल्या इतिहासज्ञानात कोणती उणीव राहिली, याचा विचार प्रस्तुत लेखात कर्तव्य आहे.

एखादे जुने पत्र हाती आले म्हणजे अभ्यासक त्याचा काळ, हस्ताक्षर, लेखक व उद्दिष्ट व्यक्ती यांची कसून चौकशी करतो. छायाचित्राच्या बाबतीत मात्र तोच अभ्यासक कमालीचा श्रद्धाळू होतो. डोळ्यांना दिसले ते घडलेच, अशी त्याची समजूत असते. वस्तुतः चित्रालाही तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ते कोणत्या प्रसंगी काढले गेले? त्यात सोबत कोण होते? आणि त्याखालची ओळ कोणी व केव्हा लिहिली? या तीन प्रश्नांची कसोटी लावली असता, सुधारक स्त्रियांच्या प्रचलित प्रतिमांनी आपल्याला चेहरा दिला, परंतु प्रसंग, सोबत आणि मागणी या तीन गोष्टी काढून घेतल्या, असे आढळून येते.

प्रथम कोल्हापूरशी निकटचा संबंध असलेले एक उदाहरण घेऊ. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक समारंभ झाला व त्या प्रसंगी तीन विद्यार्थिनींचे एकत्र छायाचित्र घेण्यात आले. डावीकडे आनंदीबाई जोशी, मध्ये जपानच्या केई ओकामी व उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या वेशात आहेत. या वेशाचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. परदेशी आपला पोशाख व आहार सोडावयाचा नाही हा आनंदीबाईंचा निश्चय सर्वश्रुत आहे. त्या दृष्टीने ही साडी म्हणजे त्यांच्या स्वत्वाची खूण होय. उलटपक्षी, पौर्वात्य देशांतील स्त्रियांना आपण कसे विद्यादान करतो हे दाखविण्याची संस्थेची इच्छाही त्या मांडणीत उघड दिसते. एकाच वस्त्रात स्वाभिमान आणि प्रदर्शन दोन्ही एकत्र आले आहेत. यांपैकी एकच अर्थ खरा मानणारा वाचक चित्राला न्याय देत नाही.

या छायाचित्राच्या एका प्रसिद्ध प्रतीखाली तिघींच्या नावांमागे ‘डॉक्टर’ ही उपाधी छापलेली आहे. परंतु आनंदीबाईंना पदवी मिळाली ती ११ मार्च १८८६ रोजी. ओकामी १८८९ मध्ये व इस्लामबुली १८९० मध्ये पदवीधर झाल्या. अर्थात ती ओळ छायाचित्राच्या दिवसाची नव्हे, कित्येक वर्षांनंतरची आहे. विद्यार्थिनींचे चित्र त्या ओळीने विजयिनींचे चित्र केले. त्यांच्या चेहऱ्यावर आपण जी कृतार्थता वाचतो ती बहुधा आपल्याला ओळीने शिकविलेली असते. वास्तविक त्या दिवशी त्या तिघींपुढे परीक्षा होत्या, आणि आनंदीबाईंची प्रकृती खालावत चालली होती.

१८८६ साली कोल्हापूर संस्थानाने आपल्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागावर आनंदीबाईंची नेमणूक केली. त्या त्याच वर्षी स्वदेशी परतल्या. परंतु कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संस्थेच्या इतिहासात आनंदीबाईंचे स्थान असे रिकाम्या खुर्चीचे आहे. पुढे त्याच रुग्णालयात डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी प्रत्यक्ष रुग्णसेवा केली. त्यांच्या शिक्षणास छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य होते. त्यांच्या मातोश्री रखमाबाई केळवकर यांनी संस्थानातील स्त्रीशिक्षणाची देखरेख केली. तरीही कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला आनंदीबाईंचा चेहरा ओळखता येतो आणि केळवकर मायलेकींचे नावही पुष्कळदा ठाऊक नसते. यात आनंदीबाईंचा दोष नाही. परंतु प्रतिमा ज्या गुणावर जगते तो गुण कार्याच्या विस्ताराहून निराळा असतो, हे यावरून ध्यानात यावे. अकाली मृत्यू, दूरदेशीचा प्रवास व एक अविस्मरणीय छायाचित्र यांचा संयोग झाला म्हणजे प्रतिमा उभी राहते. वर्षानुवर्षे रोज सकाळी रुग्णालयात जाणाऱ्या स्त्रीची प्रतिमा सहसा उभी राहत नाही.

मूळ चित्रात आनंदीबाई एकट्या नाहीत. परंतु आपल्याकडील पुस्तकांतून व फलकांतून त्या बहुधा एकट्याच भेटतात. ओकामी व इस्लामबुली बाजूला पडल्यामुळे ज्ञानासाठी समुद्र ओलांडणाऱ्या स्त्रियांच्या एका जागतिक प्रवाहाचे चित्र नाहीसे होते आणि उरते ती एका अपवादभूत स्त्रीची कथा. त्या कथेलाही आपण पतीची सोबत मात्र आवर्जून दिली. श्री. ज. जोशी यांच्या १९६८ च्या कादंबरीचे व २०१९ च्या चित्रपटाचे नाव ‘आनंदी गोपाळ’ हेच आहे. सहाध्यायिनी गेल्या व पती राहिला, ही निवड निर्हेतुक असली तरी निरर्थक नाही.

आता मताधिकाराच्या चळवळीकडे वळू. इंग्लंडमधील चळवळीने आपली प्रतिमा जाणीवपूर्वक घडविली. जांभळा, पांढरा व हिरवा हे रंग, निशाणे, मिरवणुका, पोलिसांनी उचलून नेलेल्या एमेलिन पँकहर्स्ट, ही सारी दृश्ये रस्त्यावरची आहेत. राज्यसत्तेनेही प्रतिमेचे बळ ओळखले होते. १९१३ मध्ये मँचेस्टरच्या चित्रसंग्रहालयातील चित्रांच्या काचा फोडल्याबद्दल पकडलेल्या एव्हलिन मॅनेस्टा यांचे तुरुंगात छायाचित्र घेताना त्यांची मान एका हाताने धरून ठेवावी लागली. पुढे प्रसृत केलेल्या प्रतीत तो हात पुसून त्या जागी गळपट्टा दाखविण्यात आला. बळजबरीचा पुरावाच चित्रातून वजा झाला. चित्राची काटछाट ही निव्वळ सजावटीची बाब नसते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

त्याच देशातील एक छायाचित्र भारतीय वाचकास विशेष मोह घालते. १७ जून १९११ रोजी लंडनमध्ये राज्यारोहणानिमित्त निघालेल्या स्त्रियांच्या मिरवणुकीत काही भारतीय स्त्रिया साड्या नेसून सहभागी झाल्या होत्या. आज ते चित्र ‘भारतीय मताधिकारवादी स्त्रिया’ अशा ओळीखाली सर्वत्र आढळते. परंतु त्या मिरवणुकीतील मागणी ब्रिटिश स्त्रियांच्या मताची होती आणि भारतीय तुकडी साम्राज्याच्या विस्ताराचे दर्शन घडविण्यासाठी तेथे होती. भारतातील स्त्रीच्या मताची मागणी त्या दिवशी त्या निशाणावर नव्हती. ती मागणी प्रथम स्पष्टपणे मांडली गेली १८ डिसेंबर १९१७ रोजी मद्रास येथे, सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने माँटेग्यू यांच्यापुढे. साउथबरो समितीने ती अमान्य केली. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा व त्यांची कन्या मिठन १९१९ मध्ये लंडनला जाऊन संसदेच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. अखेर निर्णय प्रांतांवर सोपविण्यात आला व १९२१ मध्ये मद्रास आणि मुंबई या प्रांतांच्या कायदेमंडळांनी स्त्रियांवरील बंदी उठविली. मालमत्तेची अट कायम राहिल्याने हा हक्क थोड्याच स्त्रियांपर्यंत पोचला. तथापि तत्त्व मान्य झाले.

मुंबई प्रांतातील या चळवळीच्या अग्रभागी रमाबाई रानडे होत्या, ही गोष्ट त्यांच्या तसबिरीवरून कोणास कळेल? १९०४ च्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद, १९०९ पासूनचे पुणे सेवासदन, मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी १९२० च्या सुमारास पुण्यात निघालेली स्त्रियांची मिरवणूक व त्यापाठोपाठ मताधिकाराचा लढा, असा त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा चढता आलेख आहे. परंतु लोकमानसातील रमाबाई न्यायमूर्तींच्या पायाशी बसून अक्षरे गिरविणाऱ्या बालवधू आहेत. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींनी हे रूप पुरविले, आणि शंभर वर्षांनंतर दूरचित्रवाणीवरील मालिकेने तेच घरोघर नेले. १९६२ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी येथे शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षी, टपाल खात्याने त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिकीट काढले. त्यावरही त्यांचा एकटीचा चेहराच आहे. शिकणारी रमाबाई आपल्याला पाठ आहे. मत मागणारी रमाबाई मात्र आपल्या नजरेसमोर उभी राहत नाही.

याला काही सबळ कारणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडील मताधिकाराचा लढा मुख्यतः अर्ज, शिष्टमंडळे व सभांतील ठराव यांतून झाला, आणि ठरावाचे चित्र निघत नाही. शिवाय छायाचित्रकाराच्या दालनातील गंभीर, पदर सावरून बसलेली मुद्रा हे त्या स्त्रियांचे स्वतःचे कवचही होते. शेणमातीचा व निंदेचा मारा सोसणाऱ्या पिढीला शालीनतेचा पुरावा जवळ बाळगणे भाग होते. या मुद्रेला आज दुबळेपणा म्हणून हिणविणे हे इतिहासाचे अज्ञान ठरेल. आमचा आक्षेप मुद्रेवर नसून आपल्या निवडीवर आहे. त्यांनी कवच म्हणून जे धारण केले त्यालाच आपण त्यांचे संपूर्ण चरित्र मानले.

चित्रकलेचे व पुतळ्यांचे शहर म्हणून कोल्हापूरवर या संदर्भात विशेष जबाबदारी येते. १८६७ साली येथेच जन्मलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी स्त्रीजीवनाची असंख्य चित्रे रेखाटली; ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथातील त्यांची चित्रे प्रसिद्ध आहेत. ती रेषा अत्यंत समर्थ आहे. परंतु तेथील स्त्री जातीची, प्रांताची वा व्यवसायाची प्रतिनिधी म्हणून येते. तिला वेश आहे, नाव नाही. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने बिंदू चौकात जोतीराव फुले व डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. आंबेडकर हयात असताना असा गौरव करणारे हे शहर काळाच्या पुढे होते. तरीही त्या दिवशी जोतीरावांच्या शेजारी सावित्रीबाई नव्हत्या. गारगोटीच्या डॉ. मा. गो. माळी यांनी सिद्ध केलेले त्यांचे चरित्र व समग्र वाङ्मय हाती येण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. म्हणजे सावित्रीबाईंचे शब्द याच जिल्ह्यातील अभ्यासकाच्या परिश्रमाने समाजापुढे आले, आणि त्यानंतरच त्यांच्या प्रतिमेस खरा अर्थ प्राप्त झाला.

नावाचा हा प्रश्न केवळ तसबिरीपुरता नाही. संस्थानी प्रजा असल्यामुळे १९२१ च्या मुंबई कायदेमंडळाच्या निर्णयाचा कोल्हापूरच्या स्त्रियांना लाभ नव्हता. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले व १९५१-५२ च्या निवडणुकीत प्रौढ मतदानाच्या तत्त्वाने त्यांनी विधानसभेसाठी मत दिले. त्याच निवडणुकीच्या वेळी देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदारयादीतून वगळावी लागली. त्यांपैकी बहुसंख्य उत्तरेकडील प्रांतांतील होत्या. अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख त्यांनी नोंदविली होती, आणि निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचे नाव असल्याखेरीज मतदार मानण्यास नकार दिला. जुन्या समूहचित्रांखाली ‘सौ. अमुक’ किंवा ‘इतर भगिनी’ अशी ओळ वाचताना या यादीची आठवण होणे अपरिहार्य आहे. ज्या सामाजिक सवयीने चित्राखालचे नाव गाळले, तिनेच यादीतील मतही गाळले.

यास्तव पदव्युत्तर विद्यार्थ्यांस सुचवावेसे वाटते की, सुधारक स्त्रीचे चित्र प्रबंधात देताना ते शोभेसाठी देऊ नये. उपलब्ध असेल तर मूळ, न कापलेली प्रत पाहावी. ओळीचा काळ चित्राच्या काळापासून निराळा काढावा. सोबतच्या व्यक्तींची नावे शोधावीत. आपल्या भागातील जुन्या कन्याशाळा, अध्यापिका-विद्यालये, वसतिगृहे व रुग्णालये यांच्या भिंतींवर समूहचित्रे अद्याप टांगलेली आढळतात. त्यांतील मागच्या रांगेतील चेहरे ओळखू शकणारी माणसे वयोवृद्ध झाली आहेत. ती हयात आहेत तोवर प्रत्येक चेहऱ्याखाली नाव लिहून घेणे हे या विभागातील विद्यार्थ्यांना सहज शक्य असलेले आणि यापुढे फार काळ शक्य न राहणारे काम आहे.