नैराश्याचा उपचार आणि प्राथमिक दवाखाना : गोव्यातील ‘मानस’ प्रयोगाचा पुनर्विचार

प्राथमिक दवाखान्यात येणारा नैराश्यग्रस्त रुग्ण आपल्या व्याधीचे नाव घेऊन येत नाही. झोप लागत नाही, अंग दुखते, हातापायांत बळ राहिले नाही, अशा तक्रारी तो सांगतो. आणि डॉक्टर त्या तक्रारींपुरते औषध देऊन पुढील रुग्णाकडे वळतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा ८५ जण उपचारावाचून राहत असल्याचे आढळले, त्याचे एक कारण येथे आहे. ही उणीव भरून काढण्याच्या चर्चेत ज्या प्रयोगाचा आधार वारंवार घेतला जातो, तो म्हणजे विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी गोव्यात केलेला ‘मानस’ प्रयोग. त्याचा वृत्तान्त २०१० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेला, परंतु प्रशिक्षित असा समुपदेशक नैराश्य बरे करू शकतो, असे त्याचे सार सांगण्याची आता प्रथाच पडली आहे. हे सार असत्य नव्हे. परंतु प्रयोगातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग त्यातून गळून जातो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

प्रथम प्रयोगाची मांडणी पाहू. बारा सरकारी आरोग्यकेंद्रे आणि बारा खाजगी दवाखाने असे एकूण २४ घटक निवडून चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट करण्यात आले. बारा प्रश्नांच्या चाचणीने नैराश्य व चिंताविकार यांची लक्षणे असलेले रुग्ण शोधले गेले. असे २,७९६ जण प्रयोगात सामील झाले. एका गटात समुपदेशकाकडे रुग्णाची सलग जबाबदारी देण्यात आली. व्याधीची ओळख करून देणे, गरजेप्रमाणे संवादोपचार करणे, डॉक्टरांनी दिलेले औषध रुग्ण घेतो की नाही हे पाहणे आणि न येणाऱ्याला पुन्हा बोलावणे, ही त्याची कामे होती. दुसऱ्या गटात चाचणीचा निष्कर्ष डॉक्टरांना कळविण्यात आला व उपचाराची मार्गदर्शिका पुरविण्यात आली; पुढील सर्व काही डॉक्टरांवर सोपविले गेले.

सहा महिन्यांनंतर, निदान निश्चित झालेल्या रुग्णांपैकी पहिल्या गटात शेकडा ६५.० आणि दुसऱ्यात शेकडा ५२.९ बरे झालेले आढळले. येथवरचा आकडा सर्वत्र उद्धृत होतो. परंतु सरकारी व खाजगी दवाखाने वेगळे करून पाहिले, म्हणजे चित्र पालटते. सरकारी केंद्रांत समुपदेशक असता शेकडा ६५.९ आणि नसता शेकडा ४२.५ बरे झाले. खाजगी दवाखान्यांत मात्र हेच प्रमाण अनुक्रमे ६४.१ व ६५.९ असे आहे; म्हणजे समुपदेशकामुळे तेथे काहीच फरक पडला नाही. चार रकान्यांपैकी तीन रकान्यांत आकडा पासष्टच्या आसपास स्थिरावतो. एकच रकाना मागे पडलेला दिसतो, आणि तो समुपदेशकाविना चालणाऱ्या सरकारी केंद्राचा आहे.

याचा अर्थ काय लावावा? प्रयोगकर्त्यांचा कल असा दिसतो की, खाजगी डॉक्टर रुग्णाला व्यक्तिशः ओळखतात, तो पुनःपुन्हा त्यांच्याकडेच येतो, आणि म्हणून निदानाची सूचना मिळताच ते पुरेसा उपचार करू शकले. हे ग्राह्य मानल्यास समुपदेशकाने सरकारी केंद्रात आणले ते एखादे नवे तंत्र असण्यापेक्षा सातत्य होते, असे म्हणावे लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात जी गोष्ट कोणाच्याच वाट्याला आलेली नसते, ती म्हणजे रुग्णाची आठवण ठेवणे; ती येथे एका व्यक्तीच्या अंगावर टाकली गेली. केवळ डॉक्टरांना निदान कळविल्याने काम भागत नाही, हे ४२.५ हा आकडा पुरेसे स्पष्ट करतो.

तथापि या अर्थाला मर्यादा आहेत, आणि त्या झाकणे संशोधनधर्माला सोडून होईल. सरकारी की खाजगी ही निवड रुग्णांनी स्वतः केलेली आहे. चिठ्ठीने ठरलेली नाही. खाजगी दवाखान्यात जाणाऱ्याची आर्थिक स्थिती व घरचा आधार निराळा असू शकतो, आणि त्यामुळे तो एरवीही बरा झाला असता. शिवाय रुग्ण हजारोंनी असले तरी घटक चोवीसच आहेत. म्हणून सरकारी केंद्रांतील लाभाचे गुणोत्तर १.५५ असले, तरी त्याची विश्वासमर्यादा १.०२ ते २.३५ इतकी रुंद आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांतील तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण घेतले गेले, आणि तीन महिन्यांनी शेकडा ६४ विरुद्ध ३९ असे फल मिळाले. सरकारी केंद्रांविषयीचा विश्वास त्याने दृढ केला. पण खाजगी दवाखान्यांविषयीचा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

हा वाद केवळ आकडेशास्त्राचा नाही. समुपदेशक म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाची स्वस्त बदली, असे समजून शासनाने ते काम आधीच नोंदवह्यांखाली वाकलेल्या आशा सेविकेकडे आणखी एक रकाना म्हणून दिले, तर प्रयोगाचे नाव राहील व प्राण जाईल. कारण ज्या गोष्टीने रुग्ण बरे झाले असे दिसते, ती म्हणजे वेळ आणि पाठपुरावा, तीच नेमकी अशा वाटणीत संपते. समुपदेशकावर डॉक्टर व तज्ज्ञ यांची सतत देखरेख होती, हेही विसरून चालणार नाही.

शेवटी, सर्वोत्तम रकान्यातही शेकड्यामागे सुमारे पस्तीस रुग्ण सहा महिन्यांनी बरे झालेले नव्हते. ते कोण होते? कर्ज, घरातील मारहाण, बेकारी यांपैकी कशाने त्यांना धरून ठेवले होते? सरासरीच्या आकड्यात त्यांची ओळख उरत नाही. पुढील संशोधकाने तेथूनच आरंभ करावा.